हिवाळ्यात समुद्रकाठच्या खेड्यात दोन-तीन दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात समुद्रकाठच्या एखाद्या शांत गावात दोन-तीन दिवस राहण्याचा बेत आखणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांनी होते आणि अपवादांचे, अडचणीचे प्रश्न शेवटाकडे येतात. एका मुद्द्याचे सविस्तर उत्तर एकदाच दिले असून इतरत्र त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. महिन्यांची नावे उत्तर गोलार्धाला धरून आहेत. दक्षिण गोलार्धात जाणाऱ्यांनी त्यात सहा महिने मिळवावेत.

१. हिवाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, मग किनाऱ्यावर जाऊन करायचे काय?

चालायचे, पाहायचे आणि लवकर घरात परतायचे. उन्हाळ्यात किनारा पाण्यात उतरण्यासाठी असतो. हिवाळ्यात तो काठाने चालण्यासाठी असतो. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी लांबलचक पुळण, खडपांमधली डबकी, खाडीच्या चिखलावर उतरलेले पाहुणे पक्षी, कलत्या सूर्याचा दिवसभर टिकणारा तिरपा उजेड आणि गर्दीचा अभाव, एवढ्या भांडवलावर दोन दिवस सहज भरतात. किनाऱ्यालगतची शेते, कुरणे आणि पाणंदी हा या सुट्टीचा दुसरा अर्धा भाग असतो. समुद्रावर वारा असह्य झाला की बांधाच्या किंवा झाडांच्या आडोशाने आत वळता येते, आणि ही सोय शहरी किनाऱ्यावर सहसा मिळत नाही. ज्यांना सतत काहीतरी ‘करायला’ लागते, त्यांनी मात्र दुसरा ऋतू निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. किती दिवस पुरेसे होतात?

दोन रात्री म्हणजे किमान, आणि तीन रात्री असतील तर उत्तम. एकाच रात्रीच्या सहलीत एक दिवस पावसात गेला तर हाती काहीच उरत नाही. तीन रात्रींमध्ये निदान एक स्वच्छ सकाळ मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मुक्काम मात्र एकाच ठिकाणी ठेवावा. दिवस लहान असताना रोज सामान बांधून गाव बदलणे म्हणजे उजेडाचे मोजके तास रस्त्यावर घालवणे होय.

३. डिसेंबर चांगला की फेब्रुवारी?

हे तुम्हाला काय हवे आहे त्यावर ठरते. समुद्र जमिनीपेक्षा फार सावकाश तापतो आणि तितक्याच सावकाश निवतो. त्यामुळे पाण्याचे तापमान सर्वांत खाली जाते ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे सर्वांत लहान दिवस उलटून दोन-अडीच महिने झाल्यावर. डिसेंबरात समुद्राकडे शरद ऋतूची ऊब अजून शिल्लक असते आणि तिच्यामुळे अगदी काठावरच्या रात्री आतल्या भागापेक्षा सौम्य असतात. काही किलोमीटर आत गेले की दहिवर पडलेले आणि काठावर मात्र काहीच नाही, असा फरक पुष्कळदा दिसतो.

उजेडाच्या बाबतीत फेब्रुवारीचे पारडे जड आहे, कारण तोवर दिवस स्पष्टपणे वाढलेला असतो. यात एक बारकावा आहे. दिवस सर्वांत लहान असतो २१ किंवा २२ डिसेंबरला. परंतु सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याआधीच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर होतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळ लांबू लागली असे जाणवते, तरी सकाळ मात्र अंधारीच राहते ती यामुळे. पहाटे उठण्याचा कंटाळा असेल आणि संध्याकाळी फिरायचे असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा.

४. भरती-ओहोटीचे वेळापत्रक खरोखर पाहावे लागते का? ते वाचायचे कसे?

होय, आणि हवामानाच्या अंदाजाच्या आधी पाहावे लागते. पाऊस पडला तर माणूस भिजतो. भरतीची वेळ चुकली तर परतीची वाटच राहत नाही.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे लागतात. म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पहिल्या दिवशी सकाळी ९ वाजता पूर्ण ओहोटी असेल, तर तिसऱ्या दिवशी ती पावणेअकराच्या सुमारास असेल. एवढ्या हिशेबावर संपूर्ण मुक्कामाचा आराखडा करता येतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवसांनी, उधाण येते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत दूरही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि तेव्हा चढउतार कमी असतो. खडपांवरची डबकी पाहायची असतील तर उधाणाची ओहोटी गाठावी. भरतीतही पुळणीवर चालायला जागा उरावी असे वाटत असेल, तर भांगाचे दिवस बरे.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. खलाशांचा जुना ठोकताळा असा की, एकूण चढउताराचे बारा भाग केले तर सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे भाग चढते. चढउतार ६ मीटरचा असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम अर्धा मीटर वाढते आणि तिसऱ्या तासात दीड मीटर. सपाट पुळणीवर दर १०० मीटरला १ मीटर उतार असेल, तर तो दीड मीटर म्हणजे तासाभरात १५० मीटर आत सरकलेला समुद्र. शिवाय पाणी आधी सखल पन्हळींत शिरते. त्यामुळे तुम्ही उभे आहात तो वाळूचा उंचवटा कोरडा दिसत असतानाच मागची वाट पाण्याखाली गेलेली असू शकते.

वेळापत्रक त्याच किनाऱ्याचे किंवा सर्वांत जवळच्या बंदराचे असावे आणि त्यातील वेळा कोणत्या प्रमाणवेळेनुसार दिल्या आहेत, तेही पाहून घ्यावे. वेळापत्रक फसते ते प्रसंग प्रश्न १६ आणि १७ मध्ये दिले आहेत.

५. दिवस इतका लहान असतो, त्यात फिरणे कसे बसवावे?

प्रथम तुमच्या ठिकाणाचा अक्षांश पाहा. सर्वांत लहान दिवशी २० अंश उत्तरेला जवळजवळ ११ तास सूर्य असतो, ५० अंशांवर सुमारे ८ तास आणि ६० अंशांवर ६ तासांपेक्षाही थोडा कमी. याचाच अर्थ असा की, काही ठिकाणी हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही आणि काही ठिकाणी दुसरा प्रश्नच नसतो.

उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर दिवसाला एकच मोठा बेत ठरवावा. सूर्योदय, सूर्यास्त आणि त्या दिवशीची ओहोटी या तीन वेळा एका कागदावर लिहाव्यात आणि उजेड व ओहोटी जेथे एकत्र येतात तो काळ किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. बाकीचा वेळ शेतांकडच्या वाटांना द्यावा. फेरी लांबची असेल तर अर्धा वेळ संपला की, कोठेही असलात तरी, परत फिरावे. सूर्यास्तानंतर लगेच काळोख होत नाही. अक्षांश जितका जास्त तितका संधिप्रकाश अधिक रेंगाळतो, परंतु तो वेळ दारापर्यंत पोचण्यासाठी शिल्लक ठेवावा. विजेरी फोनमधली नव्हे, स्वतंत्र घ्यावी. थंडीत फोनची बॅटरी अनपेक्षितपणे मान टाकते.

६. राहण्याची जागा ठरवताना कोणत्या गोष्टी आधी विचाराव्यात?

खिडकीतून समुद्र दिसतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. घर तापते कशाने आणि तापायला किती वेळ लागतो, हे फार थोडे विचारतात. जाड दगडी भिंतींचे घर काही दिवस रिकामे असेल, तर ते उबदार व्हायला अख्खा दिवस लागू शकतो. म्हणून तुम्ही पोचण्यापूर्वी कोणीतरी उष्णता सुरू करून ठेवणार का, हे विचारून घ्यावे. उष्णतेचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, ओले कपडे वाळवायला जागा आहे का, अंथरूण-पांघरूण दमट तर होत नाही ना आणि वीज गेली तर पर्याय काय, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे.

अगदी काठावरच्या घरापेक्षा थोडे आत, टेकाडाच्या किंवा झाडांच्या आडोशाला असलेले घर हिवाळ्यात अधिक सुखाचे ठरते. रात्रभर खिडक्यांवर आदळणारा वारा पहिल्या रात्री रम्य वाटतो. दुसऱ्या रात्री झोप हवी असते. हिवाळ्यात लहान गावांतील खाण्याची ठिकाणे, दुकाने आणि होड्यांच्या फेऱ्या बंद किंवा आठवड्यातील ठरावीक दिवशीच चालू असतात. बसचे वेळापत्रकही बदललेले असू शकते. उन्हाळ्यात गेलेल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. फोन करून खात्री करावी.

७. कपडे कोणते न्यावेत?

अंगाला चिकटून लोकरीचा किंवा घाम शोषून वाळणारा थर, त्यावर उबेचा थर आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारा थर. सुती कपडा एकदा ओला झाला की अंगातील ऊब ओढून घेतो, म्हणून तो आतल्या थराला नकोच. कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचा एक जादा जोड, तोही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, पकड असलेले घ्यावेत. शेवाळलेल्या खडपावर मात्र कोणताही बूट भरवशाचा नसतो. छत्री घरीच राहू द्यावी. ती का, हे पुढच्या उत्तरात कळेल.

८. अंदाजात ५ अंश तापमान होते, मग प्रत्यक्षात इतके का गारठलो?

वाऱ्यामुळे. शरीर आपल्याभोवती कोमट हवेचा पातळ थर राखून असते. वारा तो सतत उडवून लावतो. तापमान ५ अंश सेल्सियस आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे १ अंशासारखे जाणवते. तापमान शून्य असेल तर त्याच वाऱ्यात ते उणे ७ अंशांसारखे वाटते. मोकळ्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत घरे-झाडे आडवी येत नाहीत, त्यामुळे काठावर तो आतल्या गावापेक्षा नेहमीच जोरकस असतो.

म्हणून हवामानाच्या अंदाजात तापमानाआधी वाऱ्याचा वेग आणि दिशा पाहावी. फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये मांडलेली वाऱ्याची श्रेणी आजही उपयोगी पडते. सहाव्या पायरीवर, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वेगाला, छत्री सावरणे कठीण होते. आठव्या पायरीवर, ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे, वाऱ्याविरुद्ध चालणेच अवघड होते. फेरीची सुरुवात वाऱ्याला तोंड देऊन करावी आणि परतताना तो पाठीवर घ्यावा. उलटे केले तर दमलेले आणि घामेजलेले असतानाच बोचरा वारा तोंडावर येतो.

९. पूर्ण मुक्कामभर पाऊस लागला तर?

सलग तीन दिवस न थांबता पडणारा पाऊस क्वचितच असतो. समुद्राकडे पाहत राहिले तर ढगांमधल्या फटी दुरूनच दिसतात आणि पाऊण तासाची उघडीप साधता येते. त्यासाठी बूट-कोट दाराशी तयार हवेत, एवढेच. बाकी वेळासाठी पुस्तक, पत्ते आणि अपराधीपणा न बाळगता काढलेली झोप पुरेशी आहे.

१०. पाहुणे पक्षी पाहायचे आहेत. केव्हा आणि कोठे जावे?

पुळणीपेक्षा खाडीच्या मुखाशी, चिखलाच्या सपाटीवर जावे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात वीण घालणारे अनेक काठपक्षी हिवाळा अशा चिखलावर काढतात, कारण त्यात किडे, कृमी आणि शिंपले खच्चून भरलेले असतात. पूर्ण ओहोटीला पक्षी पार दूर, पाण्याच्या कडेला पांगलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांसारखे दिसतात. चांगली वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी वर सरकू लागते तसे ते त्यांना तुमच्याकडे ढकलत आणते. तुम्ही आधीच जाऊन आडोशाला बसलेले असावे, सूर्य पाठीशी असावा आणि हालचाल करू नये.

मग खाण्याच्या तऱ्हा पाहाव्यात. नावे नंतर शोधता येतात. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, वाकून एक टोच मारतो आणि पुन्हा धावतो; त्याचे डोळे मोठे असतात आणि तो भक्ष्य नजरेने शोधतो. तुतवार मात्र मान खाली घालून सतत टोचत चालतो, कारण त्याला चोचीच्या टोकाच्या स्पर्शाने चिखलातले कळते. कुरल आपली लांब, खाली वळलेली चोच मुळापर्यंत खुपसतो आणि कृमी न तुटता बाहेर यावा म्हणून क्षणभर ताणून धरतो. एकाच हातभर चिखलात तिघांचे तीन थर ठरलेले असतात, म्हणून ते शेजारी शेजारी न भांडता चरतात.

या पक्ष्यांना उडवू नये, हा नियम भावनेपोटी केलेला नाही. थंडीत त्यांना खायला मिळणारा वेळ ओहोटीपुरता मर्यादित असतो आणि प्रत्येक उड्डाणाला साठवलेली चरबी खर्ची पडते. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीच्या एका तरुण पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत कोठेही न उतरता पार केल्याची नोंद आहे. अशा प्रवासाची शिदोरी किनाऱ्यावरच जमवावी लागते. कुत्र्यांसंबंधी प्रश्न १४ पहा.

११. वादळी लाटा पाहायला जाणे कितपत सुरक्षित आहे?

उंचावरून, दुरून आणि भक्कम जमिनीवरून पाहिल्या तर सुरक्षित. धक्क्यावरून, बांधावरून किंवा खडपाच्या टोकावरून पाहिल्या तर मुळीच नाही. लाटा सारख्या उंचीच्या नसतात. वेगवेगळ्या लाटांच्या रांगा एकमेकींवर चढल्या की मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी होते. प्रत्येक सातवी लाट मोठी असते ही समजूत चुकीची आहे. मोजत बसून तिचा अंदाज येत नाही. दहा मिनिटे कोरडा राहिलेला खडक अकराव्या मिनिटाला धुऊन निघू शकतो. आदल्या लाटांनी ओला झालेला भाग ही किमान सीमा समजावी आणि त्याच्याही बऱ्याच मागे राहावे. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढून घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

कड्यांच्या बाबतीत वरही सांभाळावे आणि खालीही. हिवाळी पावसाने माती जड होते, भेगांमध्ये शिरलेले पाणी गोठून फुगते आणि वितळल्यावर दगड सुटतात. म्हणून कड्याच्या पायथ्याशी वाऱ्याचा आडोसा छान मिळत असला, तरी तेथे बसू नये.

१२. उन्हाळ्यात पाहिलेली रुंद पुळण हिवाळ्यात खडकाळ आणि अरुंद का दिसली?

कारण वाळू तात्पुरती समुद्रात गेलेली असते. हिवाळ्यातील उंच, एकापाठोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात आणि ती किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखालच्या दांड्यांच्या रूपाने साठते. उन्हाळ्यातील मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून हिवाळ्यात एरवी झाकलेले खडक, क्वचित जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडलेले दिसतात. मात्र उन्हाळ्यात वापरलेली उतरण्याची वाट हिवाळ्यात हातभर उंच तुटलेली असू शकते, याची जाणीव ठेवावी.

१३. लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर?

मुलांचे शरीर लहान असल्याने ते मोठ्यांपेक्षा लवकर निवते, पण खेळाच्या भरात ती सांगत नाहीत. बडबड अचानक थांबली, हात अडखळू लागले की घरी आणावे. कडेवर किंवा बाबागाडीत बसलेले मूल हालचाल करत नसते. चालणाऱ्याला उकडत असताना ते गारठलेले असू शकते, म्हणून त्याची मान आणि पोट हात लावून पाहावे. वयस्करांमध्ये, विशेषतः हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी, थंड वाऱ्याविरुद्ध चढ चढणे टाळावे आणि नाकातोंडावर मफलर घ्यावा. सर्वांना एकत्र बांधून ठेवण्याऐवजी गाडीतून किंवा बाकावरून समुद्र पाहता येईल अशी एक जागा आधी हेरून ठेवली, तर दोन्ही पिढ्यांची सोय होते.

१४. कुत्रा नेता येईल का?

अनेक किनाऱ्यांवर उन्हाळ्यातील बंदी हिवाळ्यात उठते, त्यामुळे पुळणीवर बहुधा हरकत नसते. स्थानिक फलक पाहावा. पक्ष्यांची चिखलपठारे, चरणारी गुरे-मेंढ्या असलेली कुरणे आणि कड्यांचे काठ येथे तो दोरीनेच बांधलेला असावा. कुत्रा पाण्यात किंवा कड्याखाली गेला तर त्याच्यामागे उतरू नये. कुत्रा बऱ्याचदा स्वतःहून बाहेर येतो, मालक येत नाही.

१५. थंड पाण्यात एक डुबकी मारायची फार इच्छा आहे. काय काळजी घ्यावी?

सवय नसेल, एकटे असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर मारू नये. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो आणि धाप लागते. तोंड पाण्याखाली असताना असे झाले तर पोहता येणे-न येणे गौण ठरते. हा पहिला झटका एक ते तीन मिनिटे टिकतो. अतिथंड पाण्यात दहाएक मिनिटांत हातापायांतली ताकद जाऊ लागते, आणि शरीराचे आतले तापमान धोकादायक पातळीला येणे त्यानंतरचे असते. म्हणजे बहुतेक दुर्घटना ‘गारठून’ होण्याच्या कितीतरी आधीच घडतात.

तरीही उतरणारच असाल, तर शांत पाणी, सोबत काठावर जाणता माणूस, पायांपासून हळूहळू प्रवेश आणि एक-दोन मिनिटांत बाहेर, असे करावे. बाहेर आल्यानंतरही काही काळ आतले तापमान उतरतच राहते. म्हणून आधी ओले काढून कोरडे घालावे. लगेच कढत पाण्याने अंघोळ करू नये, कारण त्याने भोवळ येऊ शकते. चुकून पाण्यात पडलात तर धडपडून पोहू लागण्याऐवजी डोके मागे टाकून उताणे तरंगावे, श्वास ताब्यात येऊ द्यावा आणि मग हाक मारावी किंवा काठ गाठावा.

१६. ओहोटीच्या वेळी चालत जाता येणाऱ्या बेटावर जायचे आहे. वेळापत्रकातील ओहोटीच्या वेळी निघाले तर चालेल ना?

बहुधा नाही, आणि ही सर्वांत जास्त फसवणारी बाब आहे. पूर्ण ओहोटीची वेळ म्हणजे पाणी वळण्याची वेळ. त्या क्षणी निघालात तर जाताना कोरडे असते, पण परतताना तुम्ही प्रश्न ४ मधील जलद चढणाऱ्या तासांत सापडता. बेटावर जायचे असेल तर ओहोटी सरत असताना, वाट उघडी पडताच निघावे आणि पूर्ण ओहोटीच्या सुमारास परतीला लागावे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नसारख्या बेटांसाठी रस्ता ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होतात. तेथे भरतीचे सर्वसाधारण वेळापत्रक न वापरता त्याच वेळा पाळाव्यात. पुढची गाडी पाण्यातून गेली म्हणून आपलीही जाईल, असे धरून चालू नये. वाट बंद झाली असेल तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावर थांबणे हाच पर्याय आहे, आणि तो जितका कंटाळवाणा तितकाच सुरक्षित.

१७. वेळापत्रकात दिले होते त्यापेक्षा पाणी बरेच वर आले. वेळापत्रक चुकीचे होते का?

वेळापत्रक चंद्र-सूर्याचा हिशेब देते. वारा आणि हवेचा दाब त्यात नसतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटीमीटरने वाढते. सरासरी दाब १०१३ असतो, तो वादळात ९७० पर्यंत खाली आला तर केवळ तेवढ्याने पाणी ४० सेंटीमीटरच्या आसपास चढते. किनाऱ्याकडे रेटणारा वारा त्यात आणखी भर घालतो आणि वर लाटा असतातच. हे सारे उधाणाच्या दिवशी जुळून आले तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण म्हणजे ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात आलेला पूर; त्यात एकट्या नेदरलँड्समध्ये १,८३६ जणांचा बळी गेला. पाहुण्याने एवढे करावे की, दाब घसरत असताना आणि वारा समुद्राकडून असताना उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर, धक्क्यावर किंवा सखल रस्त्यावर असू नये व गाडीही तेथे लावू नये.

१८. आम्ही गेलो तेथे भरती-ओहोटी जाणवलीच नाही. असे असते का?

असते. भूमध्य आणि बाल्टिक समुद्रांत बहुतेक ठिकाणी चढउतार नगण्य असतो. मेक्सिकोच्या आखाताच्या काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. तर कॅनडातील फंडीच्या उपसागरात चढउतार १६ मीटरपर्यंत जातो. भरती नसलेल्या समुद्रातही वाऱ्याने पाणी चढते आणि लाटा उठतात, त्यामुळे प्रश्न ११ मधील काळजी तेथेही लागू आहे. अतिउत्तरेला किनाऱ्यालगतचे पाणी गोठलेले दिसले, तरी त्यावर पाऊल ठेवू नये. खाऱ्या पाण्याचा बर्फ तितक्याच जाडीच्या गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमकुवत असतो आणि भरतीमुळे त्याला भेगाही पडतात.

१९. घरात लाकूड किंवा कोळसा जाळून शेकता येईल का?

धुराडे असलेल्या आणि नियमित साफ होणाऱ्या शेगडीत येईल. उघडी शेगडी, निखाऱ्यांचे घमेले किंवा बाहेर भाजण्यासाठी वापरायची जाळी घरात कधीही आणू नये, ती विझल्यासारखी दिसत असली तरीही. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. घरातील सर्वांचेच एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर त्याच वायूची शंका घ्यावी, सर्वांनी बाहेर पडावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. या वायूची सूचना देणारे यंत्र घरात आहे का, हे प्रश्न ६ मधील यादीत जोडून घ्यावे; नसेल तर बॅटरीवर चालणारे लहान यंत्र सोबत नेता येते. वाऱ्याच्या भीतीने हवेचे झरोके कापडाने बुजवण्याची सवय अनेकांना असते, ती येथे अंगाशी येते.

२०. किनाऱ्यावर सीलचे एकटे पिल्लू किंवा अडकलेला डॉल्फिन दिसला तर काय करावे?

सीलचे पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते टाकून दिलेले असते असे नाही. आई बहुधा पाण्यात जवळच असते आणि माणसे पाहून वर येत नाही. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर करड्या सीलची पिल्ले शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत जन्मतात, त्यामुळे तेथे हा प्रसंग हमखास येतो. दूर राहावे, कुत्रा बांधावा, पिल्लाला पाण्यात ढकलू नये आणि ते जखमी वाटले तर स्थानिक वन्यजीव बचाव पथकाला कळवावे. डॉल्फिन किंवा देवमासा जिवंत असेल तर त्यालाही परत समुद्रात रेटू नये. कळवून मदत येईपर्यंत त्याची त्वचा ओली राहू द्यावी, मात्र डोक्यावरील श्वासछिद्रात पाणी जाऊ देऊ नये आणि शेपटीपासून दूर उभे राहावे.

२१. रात्री आकाश चांगले दिसते म्हणतात. अमावास्या गाठावी का?

ताऱ्यांसाठी हो. मात्र तेव्हाच उधाणही असते, म्हणून पुळणीवर न जाता घरामागच्या शेतातून किंवा उंचावरून पाहावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि फोनचा पडदा एकदा पाहिला की ती मोडते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव जोरात असतो आणि तो पाहायला पहाटेपर्यंत जागावे लागत नाही, कारण रात्री दहानंतर मिथुन रास बरीच वर आलेली असते. पौर्णिमेला जाणाऱ्यांनीही हिरमुसू नये. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र वर्षातील सर्वांत उंचावरून जातो आणि ओल्या वाळूवर त्याचा उजेड विजेरीची गरज भासू नये इतका पडतो.

२२. निघण्याच्या आदल्या दिवशी वादळाचा इशारा आला. बेत रद्द करावा का?

इशारा कोणत्या तासांसाठी आहे ते आधी पाहावे. तो तुमच्या प्रवासाच्या वेळेवर येत असेल तर निघणे पुढे ढकलावे. झाडे पडून बंद होणाऱ्या अरुंद ग्रामीण रस्त्यांवर अंधारात अडकण्यापेक्षा एक रात्र गमावलेली परवडते. तो मुक्कामाच्या मधल्या दिवसावर येत असेल आणि घर उंचावर व भक्कम असेल, तर जाता येते. दोन दिवस पुरेल इतका शिधा, पिण्याचे पाणी, औषधे आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या बरोबर असाव्यात आणि वादळाच्या काळात किनाऱ्यावर जायचे नाही, हे आधीच ठरलेले असावे. घर सखल जागी असेल किंवा तेथे पोचायला भरतीत बुडणारा एकच रस्ता असेल, तर मात्र रद्दच करावे. आरक्षण करताना तारीख बदलण्याची सवलत थोडे जास्त पैसे देऊन घेतली असेल, तर ती वापरण्याची वेळ हीच.